गुडघ्याखाली

हायस्कुलातल्या गुंडपीकर बाई
मोबाइलमधून चार बायका घेऊन आल्या.
मिसरातल्या, म्हणाल्या. फार जुन्या.
प्रदर्शनाला हव्यात, वीतभर उंच, शनिवारपर्यंत.

मी हात पुसले. बघितल्या.
एकीला नाक आहे की चोच, कळेना.
हात वर नेऊन वळवलेले,
बैलाची शिंगं असावीत तसे.
दुसरी नुसती फळी. लाकडाची.
केस मात्र मातीच्या मण्यांचे, दोऱ्यात ओवलेले,
तिच्या अंगापेक्षा जास्त.
तिसरी निळी, चकचकीत, मांड्यांवर ठिपके,
माझ्या आईच्या कोपराखाली गोंदलेले होते तसेच.
ती म्हणायची, वर जाताना एवढंच बरोबर येतं.
चौथी तिसरीची बहीण.

कमरेखाली तिघी तरी रांजण.
भिंतीवरच्या राण्या सडपातळ असतात, बाई म्हणाल्या,
मातीतल्या अशा.
मी म्हटलं, खानापुरात पण तसंच आहे.
बाई हसल्या. का हसल्या, कळलं नाही.

आणि पाय?
निळ्या दोघी गुडघ्याखाली नव्हत्याच.
थडग्यात ठेवायचे यांना, बाई म्हणाल्या,
उठून जाऊ नयेत म्हणून, असं काही विद्वान म्हणतात.
काही म्हणतात, नक्की कुणालाच माहीत नाही.

गेल्या वैशाखात लोंढ्याची माणसं आली
सुगंधाला बघायला.
भुवया कोरून आणलेल्या, तोंडाला कसलं तरी पांढरं.
मुलाची आत्या म्हणाली, चालून दाखव गं.
दारापासून तुळशीपर्यंत, तिथून परत.
पोर चालली.
मी तिच्या घोट्यांकडे बघत बसले,
सावलीत वाळणाऱ्या घागरीला
कुठं चीर जातेय का बघतात, तशी.
होकार आला नाही. नकारही नाही.
ती अजून तुळशीपाशी वळते तेव्हा
मान तशीच ताठ धरते.

भाद्रपदात मी गौरीचे मुखवटे करते, साठेक तरी.
मी तोंड देते.
पावलं बायका आपापल्या घरी काढतात,
उंबऱ्यापासून आत, कुंकवानं.
मधलं सगळं साडीचं, आत गव्हाचा डबा.
तिकडच्या कारागिरानं मधलं तेवढं केलं.
आम्ही दोघं एका आव्यावर असतो
तर एक अख्खी बाई झाली असती.

मी निळीला पाय दिले.
मलप्रभेकाठची माती, दोनदा चाळलेली,
नाजूक घोटे, फोटोतल्या राणीसारखे.
आवा उघडला तर
मांड्या शाबूत, ठिपके शाबूत,
पाय राखेत वेगळे पडलेले.
दुसरी केली. तीही घोट्यातच गेली.

तेव्हा मला वाटलं,
उठून जाईल म्हणून कुणी कापले नसतील.
मोडत असतील.
एखाद्या संध्याकाळी कंटाळून
त्या माणसानं, नाहीतर बाईनं,
म्हटलं असेल, जाऊ दे, गुडघ्यापर्यंत पुरे.
पण हे कुंभारणीला कोण विचारतंय?

शुक्रवारी एक केली, ऑर्डरीबाहेरची.
पाय माझे दिले.
चिखल तुडवून फताडे झालेले,
बोटं फाकलेली, टाचा जाड.
निंगव्वा परळ न्यायला आली होती,
सगळ्यांवरून नजर फिरवून
हिच्यापाशी थांबली. भाळ चंद अदाळ, म्हणाली,
आणि पैसे द्यायचे विसरून गेली.

शनिवारी बाईंनी चार नेल्या, कागदात गुंडाळून,
गुडघ्याखाली काही नसलेल्या, हव्या होत्या तशाच.
पाचवी माठाजवळ उभी राहिली.
आधार लागला नाही.

आज पहाटे पाणी घ्यायला गेले
तर तिच्या पायांच्या दहाही नखांना
लाल पॉलिश.
बोट लावून बघितलं.
ओलं होतं.